जुन्या इमारतीची फाईल सरकारी टेबलावर नेमकी कशासाठी अडकते?

अधूनमधून एखाद्या जुन्या इमारतीचे दोन फोटो फिरतात, एक "आधी" आणि एक "नंतर". नंतरच्या फोटोत सगळं चकाचक असतं, दगडावर ऑइलपेंट, लाकडी खिडक्या जाऊन त्याजागी सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि खाली शंभर लोक विचारत असतात की अरे याला परवानगी दिली कोणी. आणि उलटंही होतं, कोणीतरी मालक वैतागून लिहितो की एक साधी खिडकी बदलायची तर आठ महिने झाले, फाईल हलत नाहीये. गंमत म्हणजे दोन्हीकडे शिव्या बसतात त्या एकाच खुर्चीला. त्या खुर्चीवर मी बसते, म्हणजे माझ्यासारखं कोणीतरी, ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीचे प्रस्ताव तपासणारं. हे काम नक्की काय असतं ते लोकांना कोणी सांगतच नाही, आणि आमची सरकारी पत्रं वाचून तर उलट जास्तच गोंधळ होतो, म्हणून हा प्रपंच.

आधी हे काम काय ते

प्रस्ताव येतो. त्यात नकाशे, फोटो, काय काय करणार त्याची यादी, कुठलं मटेरिअल वापरणार ते. मी डिझाइन करत नाही, कंत्राटदार निवडत नाही. मी फक्त एवढं बघते की हे काम झाल्यावर त्या इमारतीतलं काय कायमचं जाणार आहे, आणि ते जाणं टाळता येतं का. मग शेरा मारते: मंजूर, अटींसह मंजूर, किंवा त्रुटी काढून परत. सरळ नामंजूर फार क्वचित होतं, लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी कमी.

अधिकार किती ते देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना ज्या प्रकल्पात आहे त्याचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल हे तपासावंच लागतं, पण तिथेच एखाद्याने स्वतःच्या पैशाने स्वतःची, ऐतिहासिक इमारतींच्या राष्ट्रीय यादीतली इमारत पाडायची ठरवली आणि गावाचा वेगळा नियम नसला तर बहुतेक वेळा त्याला कोणी अडवू शकत नाही. इंग्लंडमध्ये उलट, यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय तिचं स्वरूप बदलणारं काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. भारतात केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने, हे २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच बसलंय. म्हणजे कुठे आमच्या हातात दंडुका असतो, कुठे नुसतं पेन. पण प्रश्न सगळीकडे तेच विचारले जातात.

आणि हे पद काही कालपरवाचं नाही. फ्रान्सने १८३० मध्येच ऐतिहासिक स्मारकांसाठी सरकारी निरीक्षक नेमला. १८३४ पासून त्या जागेवर प्रॉस्पेर मेरिमे होता, तो गावोगाव हिंडून पडकी चर्चं बघायचा आणि अहवाल पाठवायचा. वेझलेचं मठ-चर्च कोसळायला आलेलं त्याने पाहिलं आणि १८४० मध्ये ते काम व्हिओले-ल-द्युक नावाच्या अवघ्या २६ वर्षांच्या पोराकडे गेलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजोबांचं पत्र आणि सेलोटेप

जुनी इमारत का जपायची याचं उत्तर लोक "सुंदर आहे म्हणून" असं देतात. ते खरं असेलही, पण त्यावर फाईल चालत नाही, कारण सुंदर कशाला म्हणायचं यावर दोन माणसांचं जमत नाही. आम्ही इमारतीकडे पुरावा म्हणून बघतो. घरात आजोबांच्या हातचं पत्र असतं, त्याचा मजकूर तुम्ही टाइप करून ठेवलात तर माहिती उरते, पण त्यांचं अक्षर, दाबून लिहिलेला शब्द, शाईचा डाग, हे सगळं जातं. इमारतीचंही तसंच आहे, दगडावर पाथरवटाच्या छिन्नीची खूण का आहे, भिंतीत मध्येच बंद केलेलं दार का आहे, गिलाव्याखाली आधीचा रंग कुठला होता, हे ज्याने त्याने आपल्या काळी नोंदवून ठेवलेलं असतं, फक्त ते कागदावर नसतं.

आता ते पत्र घडीवर फाटलं. आपण काय करतो, सेलोटेप लावतो. त्या दिवशी काम झाल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा वर्षांनी टेप पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि टेप काढायला जावं तर अक्षरं घेऊनच निघते. माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या प्रस्तावांत कुठली ना कुठली सेलोटेप असते.

सिमेंट, म्हणजे जुन्या भिंतीची सेलोटेप

इथे थोडा वेळ थांबते कारण सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच काळच्या विटा-दगडाच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना सिमेंटपेक्षा नरम असतो आणि त्यातून वाफ आरपार जाते. भिंत ओल घेते आणि सांध्यांमधून ती सोडते. इमारत थोडी हलली, खचली, तापली, थंड झाली तर तो ताण सांधा सोसतो, वीट नाही. विजेच्या फ्यूजसारखं समजा, फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवतात म्हणजे तो जळतो आणि घरातली उपकरणं वाचतात. चुन्याचा सांधा हा भिंतीचा फ्यूज आहे, पन्नास-शंभर वर्षांनी झिजतो, खरवडून नवीन भरायचा, विषय संपला.

त्याजागी दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यासारखं होतं. सांधा वीटेपेक्षा कडक झाला, ओल त्यातून बाहेर पडेना, मग ती विटेतून वाट काढते आणि जाताना आपल्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आणते, ज्याला आपण लोणा म्हणतो. क्षारांचे खडे विटेच्या आत फुगतात आणि विटेचा चेहराच पोपड्यासारखा निघून येतो. तुम्ही पाहिलं असेल, सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि मधल्या विटा खाऊन आत गेलेल्या. लोक म्हणतात बघा जुनी वीटच कमजोर होती. अहो ती वीट शे-दीडशे वर्षं धडधाकट होती हो!

"पण सिमेंट मजबूत असतं ना" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. असतंच. नव्या बांधकामात त्याच्याशिवाय पान हलत नाही. प्रश्न शेजाऱ्याशी जमतं का हा आहे.

अशा फसलेल्या दुरुस्तीचं जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण सिमेंटचं नाही, लोखंडाचं आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनचे दगड प्राचीन ग्रीकांनी लोखंडी चापांनीच जोडले होते पण त्यांनी त्या चापांभोवती शिसं ओतलं होतं, त्यामुळे पाणी पोचत नव्हतं. १८९८ पासून पुढे जवळजवळ साडेतीन दशकं निकोलाओस बालानोस या इंजिनिअरने तिथे दुरुस्ती केली, हेतू चांगलाच होता, पण चाप उघड्या लोखंडाचे बसवले. लोखंड गंजलं, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आणि दोन हजार वर्षं टिकलेला संगमरवर आतून फुटायला लागला. शिवाय काही दगड भलत्याच जागी बसवलेले निघाले. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली मग ते लोखंड काढून टायटॅनियम घालायचं काम सुरू झालं आणि ते काही दशकं चाललं. म्हणजे अर्धं काम आधीची दुरुस्ती दुरुस्त करण्याचंच. म्हणून प्रस्तावात "कायमस्वरूपी उपाय" असं लिहिलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

खिडकीचं काय एवढं?

खिडकीवरून जितके फोन येतात तितके छपरावरूनही येत नाहीत. कंत्राटदाराच्या पत्रात नेहमी एकच वाक्य, "सर्व खिडक्या पूर्णतः कुजलेल्या आहेत". मी जागेवर जाते तेव्हा पर्समध्ये एक बारीक टोच्या असतो. एकदा अशाच चौदा "पूर्णतः कुजलेल्या" खिडक्या बघायला गेले. वरून रंग सुटलेला, पोपडे, दिसायला अगदी भयाण. टोच्या खालच्या आडव्या पट्टीत दाबला तर लोण्यात गेल्यासारखा आत, तीनचार सेंटीमीटर. त्याच खिडकीच्या उभ्या पट्टीत दाबला तर टोक लाकडावर नुसतं टकटक करत राहिलं, आत जाईना. चौदापैकी नऊ खिडक्यांत फक्त खालची पट्टी गेली होती, कारण पाणी तिथेच साचतं, तीन खिडक्यांना नुसता रंग आणि काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, हवी होती, आणि दोन खरंच गेलेल्या. सुतार खालचा कुजका भाग कापून तसल्याच लाकडाचा नवीन तुकडा तिरक्या सांध्याने जोडतो, आणि तो जोड नीट केला असेल तर रंगाखाली सापडतही नाही.

जुन्या जंगलातलं, हळूहळू वाढलेलं झाड असेल तर त्याच्या लाकडाची वलयं एकमेकांना चिकटून असतात, तसं लाकूड आज सहजी मिळत नाही. शिवाय लाकडी खिडकीचा प्रत्येक भाग सुटा, म्हणून प्रत्येक भाग बदलता येतो. नवीन सीलबंद दुहेरी काचेचं सील गेलं की आत धुकं साचतं आणि मग अख्खी काच बदला. गरमी-थंडीचा आणि आवाजाचा त्रास खराच आहे, मी नाकारत नाही, पण त्यासाठी आतल्या बाजूने दुसरी काच लावता येते, जुनी खिडकी तशीच ठेवून, आणि उद्या नको झाली तर चार स्क्रू काढले की झालं.

हे चार स्क्रू महत्त्वाचे आहेत. आमच्याकडे याला म्हणतात काम परत फिरवता येणं. दोन पर्याय सारखेच चांगले असतील तर परत फिरवता येणारा घ्यायचा, कारण आज आपण जे हुशारीने करतोय ते तीस वर्षांनी मूर्खपणा ठरू शकतं, बालानोसला विचारा.

मूळ म्हणजे कधीचं मूळ?

इथे चार शब्द एकदाच सांगून टाकते. जतन म्हणजे आहे ते आहे तसं टिकवणं. पुनर्वापर म्हणजे नव्या उपयोगासाठी मोजके बदल करणं, गिरणीची कचेरी वगैरे. पूर्वरूप म्हणजे एखाद्या ठराविक काळात जशी होती तशी परत करणं. पुनर्बांधणी म्हणजे नाहीशी झालेली वास्तू नव्याने उभी करणं. जितकं या यादीत पुढे जाल तितका पुरावा जास्त लागतो. बरेच अर्ज अडकतात ते इथे, कारण मालकाला हवा असतो पुनर्वापर, आर्किटेक्टने लिहिलेलं असतं पूर्वरूप, आणि नकाशात असते पुनर्बांधणी.

आता व्हिओले-ल-द्युक. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दामचा मनोरा जळून कोसळताना सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला आणि लोक हळहळले की मध्ययुगातला मनोरा गेला. तो मध्ययुगातला नव्हताच. मध्ययुगातला अठराव्या शतकाच्या शेवटी मोडकळीला आला म्हणून उतरवला होता, आगीत पडला तो १८५९ साली याच व्हिओले-ल-द्युकने स्वतःच्या कल्पनेने, पहिल्यापेक्षा उंच आणि नक्षीदार बांधलेला. मग आता काय करायचं? काहीच बांधायचं नाही, मध्ययुगातला करायचा, १८५९ चा करायचा, की काचेचा आधुनिक? सरकारने आधी नव्या डिझाइनची स्पर्धा घ्यायची घोषणा पण केली होती. शेवटी जुलै २०२० मध्ये वारसा वास्तू तपासणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आमच्याच जातकुळीतल्या लोकांनी, आग लागण्याआधी होतं तसंच करायचं या प्रस्तावाला पाठिंबा दिला, ओकचं लाकूड आणि शिशाच्या पत्र्यासकट. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

मला तो निर्णय पटतो आणि त्याचं कारण भावनिक नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जी आमच्या क्षेत्राची जवळजवळ घटना आहे, म्हटलंय की इमारतीवर प्रत्येक काळाने जी भर घातली तिचा मान ठेवायचा, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पूर्वरूपाचं काम थांबायला हवं. १८५९ च्या मनोऱ्याचे नकाशे, मोजमापं, फोटो सगळं होतं. मध्ययुगातल्याचं इतकं काही नव्हतं. अंदाजाने बांधलेलं जुनं म्हणजे नाटकाचा सेट. भारतात १९२३ साली पुरातत्त्व खात्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन मार्शलनेही आपल्या मॅन्युअलमध्ये हाच सूर लावला होता, की आपलं पहिलं काम नव्याने घडवणं नसून जपणं आहे.

पुरावा असला तर मात्र पुनर्बांधणीही सन्मानाने होते. पोलंडच्या राजधानीचं, वॉर्सॉचं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सपाट झालं होतं, ते अठराव्या शतकातली चित्रं आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी काढून ठेवलेली मोजमापं वापरून उभं केलं आणि १९८० मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलं. आणि जपानमध्ये इसेचं देवस्थान दर २० वर्षांनी नवीन बांधतात, तिथे जपायची गोष्ट लाकूड नसून सुतारांच्या हातातली विद्या आहे, १९९४ मध्ये जपानच्याच नारा शहरात ठरलेल्या नारा दस्तऐवजाने "अस्सल" या शब्दाकडे त्या-त्या संस्कृतीच्या नजरेने बघायला सांगितलं ते उगाच नाही. म्हणजे नियम एकच पण तो सगळीकडे एकाच मापाने लावता येत नाही, आणि म्हणूनच हे काम अजून कॉम्प्युटरला देता आलेलं नाही, हा हा.

"नवीन भाग वेगळा दिसला तर घाण दिसेल ना?"

इतका वेगळा नको की डोळ्यात खुपेल आणि इतका सारखा नको की पुढच्या माणसाला फसवेल. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च १९४५ च्या बॉम्बफेकीत कोसळलं, १९९४ ते २००५ मध्ये परत बांधलं, आणि ढिगाऱ्यातले काळे पडलेले जुने दगड फिकट नव्या दगडांमध्ये बसवले. लांबून अंगावर तीट लावल्यासारखे ठिपके दिसतात. काही काळाने नवेही काळे पडतील, पण आज लहान मूलसुद्धा बोट ठेवून सांगू शकतं की हा दगड तेव्हाचा.

"जागा माझी, तुम्ही कोण?"

रास्त प्रश्न आहे, आणि अमेरिकेत तो थेट सुप्रीम कोर्टात गेलाय. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं तेव्हा ते थांबवणारा कायदाच नव्हता. त्या धक्क्यातून १९६५ मध्ये शहराने वारसा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर बांधायचा मालक कंपनीचा प्रस्ताव तपासणाऱ्या आयोगाने नाकारला, कंपनी कोर्टात गेली, आणि १९७८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला की शहराला हा अधिकार आहे, कारण मालक स्टेशन आहे तसं चालवून पैसे कमवू शकतोच आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या इतर जागांवर नेऊ शकतो. टीडीआर म्हणतात ना, तेच.

पण मालकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नुसती बंधनं घालायची आणि पैशाची सोय काहीच करायची नाही, असं जिथे आहे तिथे लोक इमारत मुद्दाम गळू देतात, पावसाने पडली की आपोआप मोकळे. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीची दुरुस्ती निकषांप्रमाणे केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी करात सूट मिळते, आणि ती मिळवण्यासाठी लोक आपणहून तपासणीला येतात. दंडाच्या भीतीने आलेली फाईल आणि सवलतीसाठी आलेली फाईल, यातला फरक पहिल्या पानावरच कळतो.

"मग लिफ्ट नको, रॅम्प नको, आगीची सोय नको?"

हवी, सगळं हवं. जी इमारत वापरात नाही ती मरते. वाद जागेचा असतो. लिफ्ट मुख्य जिन्याच्या पोटात घालायची की मागच्या, आधीच बदल झालेल्या खोलीतून न्यायची? रॅम्प पायऱ्या फोडून करायचा की पायऱ्यांना हात न लावता वरून बसवायचा? दहापैकी नऊ वेळा सोय होते, फक्त दुसरीकडून होते, आणि आर्किटेक्टला नकाशा परत काढावा लागतो म्हणून तो मालकाला सांगतो की सरकारने अडवलं.

"तुमची आवडनिवड आमच्यावर का?"

यावर मी थोडी गप्प होते, कारण पूर्ण खोटं नाहीये. लिखित निकष असतात, आम्ही कुठल्या मुद्द्यावर अडवलं ते लेखी द्यावं लागतं, अपील असतं. तरी माणूस आहे म्हटल्यावर चूक होते. माझीच सांगते. नोकरीत नवीन असताना एका दगडी इमारतीला पाणीरोधक पारदर्शक लेप लावायचा प्रस्ताव आला. काही पाडायचं नाही, रंग बदलायचा नाही, दिसणारही नाही, मी दोन दिवसांत मंजूर केला आणि सगळे खूश. भिंतीत ओल खालून चढत होती हे मी विचारलंच नाही. लेपाने बाहेरचं पाणी अडवलं तसं आतलंही कोंडलं. तिसऱ्या वर्षी खालच्या चार थरांचे पापुद्रे हातात यायला लागले, आणि तो लेप दगडात मुरलेला, काढता येत नाही. मी आजही त्या रस्त्याने जाते तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

तेव्हापासून कुठलाही लेप म्हटला की मी एक कोपऱ्यातला मीटरभर तुकडा नमुना म्हणून करायला सांगते आणि शक्यतो एक पावसाळा जाऊ देते. दरजा भरायच्या तरी आधी नमुना, तोही वाळल्यावर आणि उन्हात बघायचा, कारण ओला चुना वेगळाच दिसतो. लोक म्हणतात उशीर. हो, हा उशीर मी मुद्दाम करते.

फाईल लवकर सुटावी असं वाटत असेल तर

बाकीचा उशीर मात्र टाळता येतो आणि तो बहुतेक वेळा फोटोंचा असतो. अख्ख्या इमारतीचा समोरून एक सुंदर फोटो, आणि जिथे काम करायचंय तिथला एकही नाही. मला समोरून काढलेला नको, मला ती कुजलेली पट्टी जवळून हवी, बाजूला मोजपट्टी ठेवून, आणि नकाशावर ती खिडकी कितव्या नंबरची ते हवं. "आवश्यकतेनुसार दुरुस्ती" असं लिहू नका, किती विटा, कुठल्या भिंतीतल्या, ते लिहा. आणि काम सुरू करायच्या आधी या, नंतर नाही. गेल्याच महिन्यात एका मालकांचा फोन आला, मॅडम, जुना गिलावा कसा ठेवायचा ते विचारायचं होतं. म्हटलं छान, फोटो पाठवा. ते म्हणाले फोटो काढतो, पण तो आता ट्रकमध्ये आहे.